दोऱ्याचा पहिला वेढा बसण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ७ फुटांचा कार्बनचा ब्लँक (रॉडची नुसती काठी) घेऊन घरीच मासेमारीचा पहिला कास्टिंग रॉड (रील आणि गाइड वरच्या अंगाला असणारा) बांधला. गाइडमधली, म्हणजे लाइन ज्यांतून जाते त्या कड्यांमधली, अंतरं एका तयार तक्त्यावरून घेतली. आता बरा मासा लागला की लाइन मधल्या भागात ब्लँकला घासते, रॉड हातात पीळ खाऊन फिरायला बघतो, आणि गाइड बांधायच्या दोऱ्यावरच्या इपॉक्सीत बुडबुडे आणि लाटा आहेत. स्पाइन (ब्लँकची किंचित ताठ बाजू) चुकला म्हणून हे झालं का? आणि दुसऱ्या रॉडच्या आधी लेथ आणि मोटर घ्यावी का?

यंत्रांचं आधी सांगून टाकतो, ते उत्तर छोटं आहे. लेथ नको. एखादी सावकाश फिरणारी मोटर सोयीची पडते, तिच्याबद्दल खाली येईलच. पण तुमच्या तीन तक्रारींपैकी पहिल्या दोन कुठल्याही यंत्रानं सुटल्या नसत्या. लाइन घासणं आणि रॉड फिरणं हे दोन्ही तुम्ही दोऱ्याचा पहिला वेढा घेण्याआधीच ठरून गेलं होतं. ते तेव्हा कळलं नाही, कारण तेव्हा रॉड वाकवून पाहिला नाही. दोरा आणि इपॉक्सी रॉडला चांगलं किंवा वाईट करत नाहीत, जे झालंय ते पक्कं करतात. माझा एक रॉड साधारण आठवडाभर चालतो आणि त्यातले तीन-चार दिवस सगळं नुसतं चिकटपट्टीवर असतं. पाहणाऱ्याला वाटतं, काम पुढे सरकतच नाहीये.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, आणि त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत. ब्लँक फास्ट ॲक्शनचा (मुख्यतः शेंड्याकडे वाकणारा) आहे की खोल वाकणारा? रील केवढं, लाइन कसली, पुढे लीडर (लाइनच्या टोकाला बांधायचा वेगळा तुकडा) जोडता का, म्हणजे गाठ गाइडमधून जायला हवी का? आणि तुमचा ‘बरा मासा’ किती किलोचा? यातल्या प्रत्येकानं गाइडची संख्या आणि कड्यांचं माप बदलतं. म्हणून मी आकड्यांपेक्षा ते कसे काढायचे हे सांगतो.

रॉड का फिरतो

स्पाइन म्हणजे काय ते आधी. कार्बनचं कापड निमुळत्या सळईवर गुंडाळून ब्लँक करतात. कापडाची कड जिथे सुरू होते आणि जिथे संपते तिथे थर सगळीकडे अगदी सारखा पडत नाही, म्हणून ब्लँक एका बाजूला किंचित ताठ राहतो. बुड गुळगुळीत फरशीवर टेकवा, शेंडा तळहातावर मोकळा ठेवा आणि मधोमध हलकेच दाबा. ब्लँक स्वतःभोवती फिरून एका ठिकाणी खिट्ट बसतो. तोच स्पाइन. बरेच जण शिकवतात की गाइड या रेषेवर लावले नाहीत तर रॉड पिळतो. मीही पहिली काही वर्षं हेच मानलं, आणि रॉड पिळला की स्वतःला दोष दिला, ‘नीट शोधला नसेल’ म्हणून.

मग एकदा चिडून एकाच ब्लँकवर दोन्ही प्रकारे गाइड बांधून पाहिले. इपॉक्सी नाही, नुसत्या दोऱ्यानं. एकदा स्पाइनवर, एकदा त्याच्या बरोबर उलट बाजूला. लाइन ओवली, टोकाला पाण्याची बाटली टांगली. दोन्ही वेळा शेंडा बाजूला वळला. मग तेच गाइड ब्लँकच्या खालच्या अंगाला घेतले, तर दोन्ही वेळा रॉड मुकाट उभा राहिला.

कारण साधं आहे. कास्टिंग रॉडवर गाइड वर असतात, म्हणजे माशाचा सगळा ओढा ब्लँकच्या वरून, कड्यांच्या उंचीवरून जातो. भरलेली बादली काठीला अडकवून उचला, ती गुमान लटकते. तीच बादली काठीवर ठेवून तोलायला जा, ती कलंडायला बघते. गाइड वर असले की भार काठीवर तोललेला असतो, आणि त्याला खाली जायचं असतं. बुडाशी तुमची मूठ त्याला फिरू देत नाही, म्हणून पीळ शेंड्याकडे पडतो. कडी जितकी उंच तितका हा पीळ जास्त. स्पिनिंग रॉडचे गाइड खालीच असतात, म्हणून तिथे ही तक्रार जवळजवळ येतच नाही. स्पाइनचा यात वाटा असेलच तर फार थोडा.

मग ब्लँक कसा फिरवून लावायचा? मी सरळपणा बघतो. कुठलाही ब्लँक बंदुकीच्या नळीसारखा सरळ नसतो, महागातलाही नाही. तो डोळ्यापुढे धरून खिडकीच्या उजेडात सावकाश फिरवा. कुठेतरी शेंडा डावीकडे-उजवीकडे झुकलेला दिसेल. तो झुकाव वर-खालीच्या रेषेत आणा, बाजूला राहू देऊ नका. मी शेंडा किंचित वर उचललेला ठेवतो. गाइडचं वजन चढलं की तो खाली बसतो. पेन्सिलीनं बुडाशी बारीक खूण करा आणि स्पाइन विसरून जा.

आता पिळावर उपाय दोन. पहिला, बुटक्या पायांचे, लहान कड्यांचे गाइड घेणं. पीळ कमी होतो, जात नाही. दुसरा म्हणजे गाइड सर्पिल बसवणं: रीलजवळचा पहिला गाइड वर, दुसरा साधारण ६० अंश कलता, तिसरा १२०, आणि चौथ्यापासून सगळे थेट खाली. लाइन ब्लँकला वळसा घालून खाली उतरते आणि शेंड्याकडचा भार आपोआप खाली येतो. दिसायला विचित्र दिसतो हे कबूल. मित्र विचारतात, ‘चुकला का रे?’ पण तुमच्या दोन्ही तक्रारींचं उत्तर यात आहे, कारण गाइड खाली गेले की वाकलेल्या ब्लँकला लाइन घासायचा प्रश्नच उरत नाही. साधा कास्टिंग रॉड वाकतो तेव्हा गाइड वरच्या, म्हणजे बाहेरच्या अंगाला असतात. लाइन एका कड्यातून पुढच्या कड्यात सरळ जाते, ब्लँक मात्र कमानीसारखा वर येतो. दोन गाइडमधलं अंतर जास्त असेल तर कमान लाइनला गाठते. तुमच्याकडे नेमकं हेच झालंय.

फेकीला अंतर कमी पडतं का, असंही बरेच जण विचारतात. मला फरक जाणवलेला नाही, मात्र पहिल्या तीन गाइडमधून लाइन गुळगुळीत वळली पाहिजे, कुठे कोपरा होता कामा नये.

तक्ता नको, बाटली घ्या

तक्ता खोटा नसतो. तो दुसऱ्या ब्लँकचा असतो. फास्ट ॲक्शनचा ब्लँक शेंड्याच्या वरच्या तिसऱ्या भागातच जास्त वाकतो, म्हणून तिथे गाइड दाट लागतात. खोल वाकणाऱ्या ब्लँकवर ते बुडापर्यंत पसरावे लागतात. लांबी तीच, पण वाकण्याची रेषा वेगळी, आणि गाइडनं त्या रेषेशी जुळवून घ्यायचं असतं. ‘जितके फूट तितके गाइड आणि वर एक’ हा जुना ठोकताळा सुरुवातीला बरा आहे, म्हणजे तुमच्यासाठी ८ आणि शेवटी टिप टॉप, म्हणजे शेंड्याच्या टोकावरची कडी. तिथून पुढे रॉडलाच विचारायचं.

मी असं करतो. टिप टॉप आधी बसवून घ्यायचा, उष्णतेनं वितळणाऱ्या डिंकानं, कायमच्या इपॉक्सीनं नाही. तो कधी ना कधी बदलावा लागतो. शेंड्यापासून पहिला गाइड साधारण १० सेंटीमीटरवर, मग प्रत्येक अंतर आधीच्यापेक्षा एक-दीड सेंटीमीटर वाढवत रीलकडे यायचं. गाइडच्या पायांवर, म्हणजे ब्लँकवर टेकणाऱ्या भागांवर, मास्किंग टेपच्या अरुंद पट्ट्या. मूठ टेबलाच्या कडेला फडक्यात गुंडाळून घट्ट बांधायची, जमिनीशी ३० ते ४५ अंश वर उचललेली. टिप टॉपला वेगळी दोरी बांधून तिला रिकामी बाटली लटकवायची. रीलवरची लाइन गाइडमधून ओवून तिच्या टोकाला फक्त ती ताठ राहील इतकं लहानसं वजन. नाहीतर टेप सुटून गाइड उडतो, आणि तो कुठे जाईल ते सांगता येत नाही. चष्मा घाला.

आता बाटलीत पेल्या-पेल्यानं पाणी ओता. एक लीटर म्हणजे एक किलो, त्यामुळे हिशेब सोपा. ब्लँकवर लिहिलेल्या लाइनच्या ताकदीच्या तिसऱ्या हिश्श्यापुढे मी जात नाही, आणि शेंड्याची दिशा मुठीशी काटकोनात आली की तिथे थांबतो. तेवढ्या वाकात रॉड एका बाजूनं बघा. लाइनचा प्रत्येक तुकडा ब्लँकच्या कमानीला समांतर गेल्यासारखा दिसला पाहिजे. एखाद्या कड्याशी लाइनला ठळक कोपरा दिसला तर तिथे भार गोळा होतोय, शेजारचा गाइड जवळ सरकवा. लाइन ब्लँकला टेकत असेल तर तिथे एक गाइड कमी आहे किंवा अंतर जास्त आहे. पाणी अर्धं काढून पुन्हा बघा, कारण छोट्या माशाला रॉड वेगळ्या ठिकाणी वाकतो. माझा पहिला अंदाज आजही दोन-तीन गाइडना चुकतो.

एक मोह मात्र आवरा. लाइन घासू नये म्हणून गाइड वाढवत गेलात तर शेंडा जड होतो. गाइड, त्याचा दोरा आणि त्याचं इपॉक्सी मिळून वजन ग्रॅमभरच असेल, पण ते काठीच्या टोकाला आहे. फेकल्यावर शेंडा उशिरा थांबतो, हातात रॉड लुळा वाटतो. म्हणून शेंड्याकडे हलके, एका पायाचे, लहान कड्यांचे गाइड, आणि दोन पायांचे रीलकडे. कडी किती लहान? तुमची लीडरची गाठ करून ती हातानं ओढून बघा. अडकली नाही की झालं.

यानंतर टेपवरचाच रॉड घेऊन मोकळ्या मैदानात जा आणि गळ काढलेलं लुअर (कृत्रिम आमिष) पाच-दहा वेळा सावकाश फेका. गवतात बसून गाइड बोटभर सरकवणं हा पूर्ण कामातला माझा सगळ्यात आवडता भाग आहे. इपॉक्सी लागल्यावर ही मजा संपते.

मूठ, चटकन

मूठ गाइडच्या आधी चिकटवायची, पण ब्लँकची दिशा ठरल्यानंतर. मागच्या मुठीची लांबी तुमच्या हातावरून घ्या: रील धरल्यावर बुड कोपराच्या किंचित पुढे आलं की फेकताना कपड्यात अडकत नाही. कॉर्कचं भोक गोल कानशीनं थोडं थोडं वाढवा आणि सारखं घालून बघा. एकदा सैल झालं की भरून काढणं कटकटीचं.

रील सीटच्या (रील बसवायच्या भागाच्या) आत पोकळी भरायला मास्किंग टेपची कडी करतात ती चालतात, पण सलग गुंडाळू नका. कड्यांच्या मध्ये बोटभर मोकळी जागा हवी, म्हणजे इपॉक्सी थेट ब्लँकला आणि सीटला धरतं. सलग टेप असेल तर तुमची सीट कागदाला चिकटलेली असते. आणि पाच मिनिटांत धरणारं इपॉक्सी इथे वापरू नका. मी वापरलं होतं. खूण जुळवतोय तोवर हातातली सीट थांबली, दोन-तीन अंश तिरकी. तो रॉड अजून आहे. प्रत्येक वेळी रील लावताना माझी मान आपोआप वाकडी होते.

दोरा

इथे घाई करण्यासारखं काही नाही, आणि विकत घेण्यासारखंही नाही. पुठ्ठ्याच्या खोक्याच्या दोन बाजूंना व्हीच्या आकाराच्या खाचा कापून त्यात फडकं लावा, ब्लँक त्यावर ठेवा. दोरा एका जाड पुस्तकाच्या पानांमधून ओढून आणला की ताण सारखा राहतो. पुस्तकावर आणखी एक पुस्तक ठेवलं की ताण वाढतो. माझे पहिले कितीतरी रॉड असेच झाले.

खरं काम गाइडच्या पायाचं आहे. नवा गाइड घेऊन त्याच्या पायाच्या टोकावर नख फिरवा. नख अडलं तर दोराही अडेल. बारीक कानशीनं ते टोक वरून घासत जा, पार कागदासारखं पातळ होईपर्यंत. मग पाय उलटा करून खालची कड बघा. कानशीनं तिथे धातूची बारीक किनार उठते आणि तीच पुढे वाकताना ब्लँकला खाते. ती पॉलिश पेपरनं काढा. हे नीट झालं की दोरा ब्लँकवरून पायावर चढताना फट पडत नाही. अशा फटीत हवा अडकते, हे इपॉक्सीच्या वेळी लक्षात ठेवा.

दोऱ्याची सुरुवात त्याच्याच टोकावरून वेढे नेऊन करायची, सहा-सात वेढे झाले की टोक कापायचं. संपायला सहा-सात वेढे उरले की दुहेरी दोऱ्याचा एक फास आडवा ठेवून त्यावरून गुंडाळायचं. शेवटी दोरा फासात ओवून फास ओढला की टोक वेढ्यांच्या खाली जातं. साध्या कामाला ए जाडीचा दोरा पुरतो. डी जाडीचा दोरा जड रॉडसाठी ठेवा. साधा नायलॉन दोरा इपॉक्सी लागल्यावर गडद होतो, त्यामुळे रंग आधी एका टाकाऊ तुकड्यावर बघा. ताण इतकाच ठेवा की गुंडाळून झाल्यावर अंगठ्यानं ढकलला तर गाइड किंचित हलेल. बुडाकडून सगळ्या कड्यांमधून नजर लावून ते तसेच हलवून रांगेत आणायचे असतात. हलतच नसतील तर ताण जास्त झाला, आणि अशा दाबाखाली ब्लँकला इजा होऊ शकते.

बुडबुडे आणि लाटा

हे तुमच्या हातून झालेलं एकमेव खरं ‘काम चुकलं’ प्रकरण, आणि तिन्हींत हेच सगळ्यात कमी गंभीर. मासा बुडबुडे मोजत नाही.

बुडबुडे येतात जोरात ढवळल्यानं, थंड आणि म्हणून दाट झालेल्या इपॉक्सीनं, आणि दोऱ्याखाली अडकलेल्या हवेनं. लाटा येतात एकाच थरात सगळं उरकायच्या घाईनं. राळ आणि हार्डनर मोजायला वेगवेगळ्या सिरिंज घ्या आणि त्यांची अदलाबदल कधीच करू नका. बहुतेक दोऱ्यावरची इपॉक्सी समप्रमाणात लागतात, तरी डब्यावरचं वाचा. थेंब मोजून, नजरेनं, असं करू नका. प्रमाण हुकलं की ते महिनाभर चिकट राहतं. तीन-चार मिनिटं सावकाश, कडा खरवडत मिसळा आणि मग लगेच ॲल्युमिनियमच्या फॉइलवर पसरा. भांड्यात साठून राहिलं तर स्वतःच्याच उष्णतेनं लवकर घट्ट होतं. पसरलेल्यातून हवा निघून जाते आणि हाताला वेळही जास्त मिळतो. खोली २१ ते २४ अंश सेल्सिअसच्या आसपास आणि कोरडी असावी. दोऱ्याला हाताचं तेल लागलं असेल तर इपॉक्सी तिथून माशाच्या डोळ्यासारखं मागे सरतं, म्हणून टेपचा डिंकही आयसोप्रोपिल अल्कोहोलनं आधीच पुसून टाका.

पहिला थर इतका पातळ की दोरा नुसता भिजावा. ब्रश कोरडा करून जास्तीचं उचलून घ्या. बुडबुडा दिसला तर स्पिरिटच्या दिव्याची ज्योत खालून एका झटक्यात फिरवा, थांबू नका. लायटर वापरला तर काजळी धरते. दुसरा थर दुसऱ्या दिवशी. आता मोटर: मिनिटाला ६ ते १८ फेरे करणारी कुठलीही चालते. ती नसेल तर पहिला तास-दीड तास दर काही मिनिटांनी रॉड हातानं अर्धा फिरवत बसायचं, मग हळूहळू अंतर वाढवायचं. करता येतं. फक्त तेवढा वेळ फोन आला तरी उठायचं नाही. लाटांपैकी निम्म्या माझ्याकडे अशाच आल्यात.

हातमोजे मात्र नेहमी. इपॉक्सीची त्वचेला एकदा ॲलर्जी जडली की पुढे थोड्या स्पर्शानंही पुरळ उठतं. ब्लँक कापायचा किंवा घासायचा असेल तर मास्क लावून आणि ओला करून. आणि कापायचाच तर बुडाकडून. शेंडा कापलात की तो वेगळाच, ताठर रॉड होतो.

या रॉडचं काय करायचं

फेकू नका, मोडूही नका. मूठ ठीक असेल तर तिला हात लावायची गरज नाही, फक्त गाइड काढून पुन्हा बांधा. धार लावलेलं ब्लेड घ्या आणि दोऱ्यावर फक्त गाइडच्या पायाच्या वरून, धातूच्या पाठीवरून फिरवा. तिथे ब्लेड घसरलं तरी खाली स्टील आहे. ब्लँकवर ब्लेड कधीही नाही. कार्बनवर केसाएवढी चीर पडली तर ती आज दिसणार नाही, मोठ्या माशाला दिसेल. काप गेला की केस वाळवायच्या यंत्रानं इपॉक्सी कोमट करा. ते रबरासारखं मऊ पडतं, दोऱ्याचं टोक पकडून ओढलं की वेढे सालीसारखे निघतात. ब्लँकवर उरलेली इपॉक्सीची किनार नखानं किंवा प्लॅस्टिकच्या जुन्या कार्डानं खरवडा.

टिप टॉप वितळणाऱ्या डिंकानं लावला असेल तर त्याची नळी ज्योतीवर दोन-तीन सेकंद धरा आणि पक्कडीनं सरळ पुढे ओढा. निघाला नाही तर पुन्हा थोडं गरम करा, पण पिळू नका. शेंड्याच्या बारीक नळीला ओढ सोसते, पीळ सोसत नाही.